खाडीतला गाळ धातूंसाठी तपासायचा असेल तर

ठाणे खाडीच्या गाळात शिसं, पारा, कॅडमियम किती, हा विषय घेऊन विद्यार्थी माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न यंत्राचा असतो. यंत्राचं नंतर पाहू. गाळ नीट उचलला नाही, तर भारीतलं भारी यंत्रही तुमच्या फावड्याचा गंज मोजत बसेल.

आधी प्लास्टिकच्या बरण्या १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून ठेवा आणि डिस्टिल्ड पाण्याने धुवा. गाळ उचलायला प्लास्टिकचा डावच न्या. फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत जाणार असाल तर वनखात्याची परवानगी हवीच.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी लांब जाते, पण भरतीचं पाणीही तितक्याच वेगाने आत येतं. चिखल कुठे गुडघाभर आणि कुठे कमरेएवढा, हे तिथल्या कोळी बांधवांना ठाऊक असतं. त्यांना सोबत घ्या आणि ते ‘निघा’ म्हणाले की निघा.

वरचा दोन-तीन सेंटिमीटर थर घ्या, आसपासच्या चार-पाच जागांचा मिळून एक नमुना करा. तपकिरी सायीखाली काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा गाळ लागेल. त्यातल्या सल्फाइडने धातू धरून ठेवलेले असतात. हवा लागली की ते सुटू लागतात. म्हणून बरणी काठोकाठ भरा, बर्फात ठेवा. (खाडी उपसायचा विषय निघतो तेव्हा मला धातू असे सुटण्याचीच काळजी वाटते.)

पाऱ्यासाठी वेगळा वाटा काढून गोठवा. ओव्हनच्या उष्णतेने पारा उडून जातो आणि अहवालात खाडी निर्दोष ठरते. बाकीचा गाळ वाळवून ६३ मायक्रॉनच्या नायलॉन चाळणीतून चाळा. धातू बारीक कणांना चिकटतात, त्यामुळे रेताड आणि चिकण गाळाची थेट तुलना करू नका. ॲल्युमिनियमही मोजून घ्या, पुढे भागाकाराला लागेल. प्रत्येक खेपेला एक कोरा नमुना (गाळ न घातलेला) आणि एक प्रमाणित नमुना (ज्यातले धातू आधीच ठाऊक आहेत असा) चालवा. हे टाळलेला अहवाल मी वाचत नाही.

आता खरी अडचण. तुलनेसाठी पुस्तकात जगभरच्या शेल खडकाची (चिखल घट्ट होऊन बनलेल्या) सरासरी दिलेली असते: तांबं किलोमागे ४५ मिलिग्रॅम, शिसं २०. आपल्याकडचा गाळ मात्र दख्खनच्या बेसॉल्टमधून येतो. त्या काळ्या पाषाणात मुळातच तांबं बहुधा शंभराच्या वर असतं, शिसं अगदी थोडं. म्हणजे तांबं जास्त दिसलं म्हणून लगेच कारखान्याकडे बोट दाखवता येत नाही, आणि शेलच्या मापाने ‘ठीक’ वाटणारं शिसं बाहेरून आलेलं असू शकतं. गाळातल्या धातूंसाठीच्या अमेरिकी मार्गदर्शक आकड्यांचंही तसंच. तिथे निकेलची वरची पातळी (जिच्यापुढे सजीवांना अपाय संभवतो) ५१.६ आहे, शेलची सरासरीच ६८!

म्हणून पीव्हीसी पाइप खोल दाबून उभा गाभा (थर न मोडता गाळाचा दंडगोल) काढा. कारखान्यांच्या आधीचा, न ढवळलेला तळचा थर मिळाला, तर तीच आपली मोजपट्टी. नमुन्यातल्या शिशाला ॲल्युमिनियमने भागा, तळच्या थराचंही तसंच करा, मग पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. उत्तर एकाच्या आसपास आलं तर भर पडलेली नाही. तीन-चारच्या वर गेलं तर बाहेरून भर पडल्याचा संशय घ्या आणि वेगवेगळ्या वर्षी पुन्हा मोजा.

किनाऱ्यावर परतताना कुणीतरी विचारतंच, ‘मग निवट्या खायच्या की नाही?’ निवट्या म्हणजे चिखलातले छोटे मासे. गाळाच्या आकड्यावरून याचं उत्तर देऊ नका. त्यासाठी निवट्यांचं आणि कालवांचं मांस वेगळं तपासा, आणि निकाल आला की आधी त्या कोळी बांधवांना जाऊन सांगा.