भाड्याच्या घरात गळती, वाळवी, ढेकूण : खर्च कुणाचा आणि मागायचा कसा

कोल्हापुरात भाड्याची घरं जास्त करून मे-जूनमध्ये बदलली जातात, पोरांची अ‍ॅडमिशन, बदल्या सगळं तेव्हाच असतंय, आणि घर बघायला जातो तेव्हा भिंती कोरड्या ठणठणीत. मग जुलैत पावसानं जोर धरला की भिंतीला पोपडे, किचनमध्ये झुरळं, आणि मालक-भाडेकरूत "हे तुमचं काम, नाही तुमचं" सुरू. माझं मत सरळ आहे, आधी बिघाडाचं कारण शोधा, ते ज्याच्या बाजूचं खर्च त्याचा. आणि हे पहिल्याच दिवशी कागदावर आलं पाहिजे.

१. सामान टाकायच्या आधी

रिकाम्या घराचा मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सअ‍ॅप करा. छताचे कोपरे, बाथरूमच्या मागची भिंत, सिंकखालचा भाग, नळ, फ्लश, गीझर सगळं त्यात यायला पाहिजे. दाराच्या चौकटी बोटानं ठोकून बघा, पोकळ आवाज आला किंवा भिंतीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर वाळवी आहे. गादी-पलंगासकट घर असेल तर गादीची शिवण आणि पलंगाचे सांधे बघा, काळे ठिपके म्हणजे ढेकूण.

सुतारवाडा, दुधाळी, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्ली अशा भागात तळमजला घेत असाल तर २०१९ आणि २०२१ ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या दुकानदाराला विचारा, तो भिंतीवर हात लावून दाखवेल. मालकांनाही सांगतो, धोका माहीत असून लपवू नका. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठराविक मुदतीपुरती नुसती राहायची परवानगी देणाऱ्या करारावर, घर देताना जीवाला किंवा सामानाला धोका होईल असा दोष माहीत असेल तर तो सांगणं १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानंच बंधनकारक आहे.

२. अ‍ॅग्रीमेंट वाचून सही करा

"किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्यानं करायची" हे वाक्य बहुतेक ठिकाणी असतं आणि निम्मी भांडणं तिथूनच निघतात. किरकोळ म्हणजे किती ते रुपयात लिहा, उदाहरणार्थ एका वेळी १,००० रुपयांपर्यंत भाडेकरू, त्याच्या वर मालक. पेस्ट कंट्रोलची वेगळी ओळ घाला. आणि अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे, केलं नाही तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं.

३. कुणाचं काय

याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. म्हणजे स्लॅबची गळती, भिंतीतली पाइप, वायरिंग, ड्रेनेज लाइन हे मालकाकडं. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात यादीच दिलीय, तिच्यात नळाचा वॉशर, स्विच, दाराची कडी, फुटलेली काच, गीझर दुरुस्ती हे भाडेकरूकडं आहे. तो आपल्याकडं लागू असलेला कायदा नव्हे, पण अ‍ॅग्रीमेंट लिहिताना नमुना म्हणून चांगला आहे. अपार्टमेंटच्या गच्चीतनं गळत असेल तर काम सोसायटीचं, पण पाठपुरावा मालकानंच करायचा, भाडेकरूला सोसायटीच्या दारात उभं करू नका.

आता किड्यांचं, कारण खरा घोळ इथं असतोय. वाळवी जमिनीतनं, घराच्या पायातनं येते, ती भाडेकरूनं आणलेली नसते, त्यामुळं तो खर्च मालकाचा. भिंत आणि फरशीच्या सांध्यात भोकं पाडून औषध सोडावं लागतं, वरनं फवारून वाळवी जात नाही. ढेकूण सामानातनं येतात, म्हणून आत गेल्या गेल्या दिसले तर आधीचे, मालकाचे. सहा महिन्यांनी जुना सोफा आणल्यावर दिसले तर तुमचे. त्यासाठीच तो पहिल्या दिवसाचा व्हिडिओ. उंदीर-घुशी तुटलेल्या जाळीतनं, उघड्या पाइपच्या भोकातनं येतात, भोक बुजवणं मालकाचं, खरकटं न ठेवणं तुमचं. झुरळांचंही तसंच, ओट्यावरची स्वच्छता तुमची पण शेजारच्या डक्टमधनं, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीतनं, येत असतील तर एकट्या घरात झुरळांच्या औषधाचं जेल लावून काय होणार, सगळ्या मजल्यांनी एकाच वेळी करायला पाहिजे.

४. कळवायचं कसं

फोनवर बोला, पण मागोमाग लिहूनही पाठवा. असं काहीतरी :

"काका नमस्कार. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला परवापासून ओल आलीय, फोटो पाठवलेत. स्विचबोर्डापर्यंत पाणी येतंय म्हणून मेन स्विच बंद ठेवलाय. रविवारपर्यंत कुणाला तरी बघायला पाठवाल का? मी सकाळी घरी आहे."

काय झालंय, कधीपासून, धोका काय, कधी याल, एवढं पुरतं. आणि भिंत ओली असताना बोर्डाला हात लावू नका, वायरमनसाठी मालकाची वाट बघत बसू नका, त्याला लगेच बोलवा.

५. तरीही दाद लागत नसेल तर

कलम १४ मध्येच पुढची वाट आहे. भाडेकरूनं किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची, तरी रास्त वेळेत काम झालं नाही तर स्वतः करून घेऊन भाड्यातनं वळतं करायचं, पण वर्षाला त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना ९,००० भाडं असेल तर वर्षाचे १,०८,०००, म्हणजे जास्तीत जास्त २७,०००. बिलं जपून ठेवा. मात्र ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसता, त्यामुळं तिथं परस्पर भाडं कापू नका, मालकांची लेखी संमती घ्या किंवा आधी वकिलांना विचारा.

मालकांनी रागानं पाणी-लाइट तोडायची नाही, भाडेकरूच्या बाबतीत कलम २९ नं त्याला मनाई आहे. भाडेकरूनंही लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम करू नये, त्यावरनं घर खाली करायचा दावा होऊ शकतो.

६. पेस्ट कंट्रोलच्या दिवशी

लायसन असलेलाच माणूस बोलवा, बिलावर औषधाचं नाव लिहून घ्या. भांडी, धान्य झाकून बाहेर, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि मांजर-कुत्रं नातेवाइकांकडं, किती तासांनी परत यायचं ते त्यालाच विचारा. ढेकणांची अंडी पहिल्या फवारणीत सगळी मरत नाहीत, साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी लागते, दर ठरवतानाच दोन्ही वेळा धरून ठरवा.

आणि कळकळीनं सांगतो, धान्यात टाकायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात ढेकणांसाठी, उंदरांसाठी कधीही वापरू नका. त्यातनं फॉस्फीन नावाचा विषारी वायू निघतो, बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं दगावलीत, शेजारच्या खोलीतलीसुद्धा. स्वस्तात कुणी करून देतो म्हटलं तरी मालकांनी आणि भाडेकरूंनी दोघांनीही त्याला दारातनंच परत पाठवायचं.

घर सोडताना हाच पहिला व्हिडिओ मालकांसोबत बसून बघा आणि डिपॉझिटचा हिशेब तिथंच कागदावर लिहा. रंग फिका पडला, ओलीनं पोपडे आले, ही वापराची आणि पावसाची झीज, ती डिपॉझिटमधनं कापायची नसते. तुमच्याकडनं फुटलेलं बेसिन मात्र तुम्हीच भरून द्या.