बाजार एकच धरा

डिचोलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. पोट लग्नांवर चालतं, रस्त्यावरचे फोटो हे खूळ. ते शिकायला पोरं येतात तेव्हा मी आधी सांगतो: गोवाभर भटकू नका, एक बाजार धरा. मी म्हापशाचा शुक्रवारचा धरला, त्याला एकोणीस वर्षं झाली.

लेन्स ३५ मिमीची पुरे. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर लेन्सचं छिद्र एफ/८, शटरचा वेग १/२५० सेकंद, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ऑटो, आणि फोकस हातानेच ३ मीटरवर लावून विसरून जा. साधारण २ ते ७ मीटरमधलं सगळं नीट येतं. ३ मीटर म्हणजे चार पावलं. घरी भिंतीसमोर मोजून अंगवळणी पाडा. झूम नको. दुरून टिपलेला माणूस चोरून आणल्यासारखा दिसतो.

पावसात निळ्या ताडपत्रीखाली चेहरे निळे पडतात. नंतर कितीही ओढाताण केली तरी मिरचीचा लाल परत येत नाही. म्हणून ताडपत्रीच्या कडेला, आभाळाचा उजेड आत येतो तिथे थांबा.

पहिल्याच वर्षी सोलं (आमसुलं) विकणाऱ्या एका मावशींनी मला हाकललं होतं. "फोटो काडटा आनी वता, घेना मात कांयच!" म्हणजे फोटो काढतो आणि जातो, घेत मात्र काहीच नाही. खोटं काय होतं? पुढच्या शुक्रवारी त्यांच्या फोटोचा प्रिंट नेला, अर्धा किलो सोलं घेतली. असं तीन-चारदा झाल्यावर त्यांनी बसायला स्टूल सरकवलं. त्या स्टुलावरून जे दिसतं ते उभ्याने कधी दिसलं नव्हतं: पदराच्या गाठीतून निघणारी नोट, तराजू धरलेलं मनगट, घासाघीस करून निघालेल्या आणि तरी वळलेल्या चपला.

कृष्णधवल केलं की कला होते, हा समज सोडा. सगळे तसं मानत होते तेव्हाही भारतीय फोटोग्राफर रघुबीर सिंग रंगीत फिल्मवरच काम करत राहिले. चवथीआधीच्या माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या आराशीच्या) बाजारात कवंडळं या रानफळांचा तांबडा आणि सुपारीच्या घडांचा हिरवा काढून टाकला तर उरतं काय?

वर्षअखेरीस निवड. शंभरेक फोटोंचे स्वस्तातले प्रिंट काढून जमिनीवर मांडा आणि वीसवर या. ते दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. फोटोग्राफर नसलेला उत्तम. माझ्याकडे आई करते. "ह्यात कोणी काही विकतच नाही," म्हणत माझे लाडके फोटो बाजूला टाकते. ते मी वेगळ्या डब्यात ठेवतो. त्यातले दोन यंदा परत आत घेतलेत, तिला न सांगता.