लाटेने तळाची वाळू ढिली होईल का, हे किनाऱ्यावरून कसं ओळखायचं

बोटीचा नांगर असो नाहीतर डोल जाळ्याचे (खुंटांना बांधून पाण्यात एकाच जागी ठेवायचं पिशवीसारखं जाळं) खुंट, तळ धरेल की नाही ते ठरवताना सगळे लाटेची उंची बघतात. आधी सेकंद मोजा.

जेटीच्या टोकाला उभं राहून एखादा बोया (नांगरलेला तरंगता पिंप) नजरेत धरा, त्याच्यावरनं लाटेचा एक माथा गेला की मोबाईलचं स्टॉपवॉच चालू, पुढचे १० माथे गेले की बंद, आलेल्या आकड्याला १० ने भागा. किनाऱ्याकडे येताना लाट आखडते पण दोन माथ्यांमधले सेकंद तेवढेच राहतात, म्हणून जेटीवरून मोजलं तरी चालतं.

मग त्या सेकंदांचा वर्ग करून १.५६ ने गुणा, ही खोल पाण्यातली लाटेची लांबी, मीटरमध्ये. तिच्या निम्म्या खोलीपर्यंत लाटेचा जोर जाणवतो. वाऱ्याची ५ सेकंदांची लाट जेमतेम २० मीटरपर्यंत, पण पावसाळ्यातली १० सेकंदांची ७८ मीटरपर्यंत, म्हणजे मुंबई हायला (समुद्रातलं तेलक्षेत्र) साधारण ७५ मीटर पाणी आहे तिथेसुद्धा ती तळाला लागते, अगदी हलकी का होईना. खाडीच्या तोंडाशी तर विचारूच नका.

आता तळ बघायचा. दोरीला वजन बांधा, बुडाला ग्रीस चोपडा आणि सोडा, खालची माती चिकटून येते. काहीच चिकटलं नाही तर बहुतेक खडक, मग ही भानगडच नाही (१६६४ ला बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग कुरटे बेटाच्या खडकावरच उभा आहे). जाडी रेती आली तरी टेन्शन कमी, दाण्यांमधलं पाणी पटकन निघून जातं. बारीक भुसभुशीत वाळू किंवा गाळवट माती आली की सावध. माथा आला की तळावर दाब वाढतो, खळगा आला की कमी होतो, असं तासन् तास चाललं आणि मधल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की त्याचा दाब साठत जातो, तो वरच्या मातीचं वजन पेलण्याइतका झाला की दाणे एकमेकांना सोडतात. मग जड वस्तू रुतते आणि पुरलेला हलका पाइप उलट वर येतो.

पटत नसेल तर पाण्याच्या बरणीत तळाशी टेबलटेनिसचा बॉल धरून पुळणीवरची बारीक वाळू हळूहळू सोडा, दाबू नका, वर एक बोल्ट ठेवा आणि बरणीला बाजूने टपटप मारा. बोल्ट खाली, बॉल वर! वाळू बसली की पुन्हा मारून बघा, आता तेवढं होत नाही कारण ती घट्ट झालेली असते. म्हणूनच पाइपावर नुकतीच लोटलेली वाळू सगळ्यात बेभरवशाची, तिथे वर खडी आणि मग दगड टाकलेले बरे.

खुंट मारायचेच असतील तर खोल मारा, कारण आधी वरचाच थर ढिला होतो. आणि इन्कॉइसच्या (समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था) अंदाजात लांब सेकंदांचा स्वेल (दुरून येणारी लाट) दिसला, खाली बारीक वाळू असली, तर जाळं आधीच काढून आणा.