मोठ्या शिकारीच्या रायफलीत काडतूस अडकतंय? कानस उचलायच्या आधी हे करून बघा

रेंजवर बाकड्यावर बसून .३७५ कॅलिबरची रायफल मस्त चालते, आणि आफ्रिकेत केप बफेलोसमोर स्टिक्सवरून (रायफल टेकवायच्या काठ्यांवरून) दुसरा राउंड मारायला गेलं की बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा आणि पुंगळी मागे आणणारा दांडा, मध्येच अडकतो, ही तक्रार खूप जुनी आहे. नामिबिया, झिम्बाब्वे, दक्षिण आफ्रिका, किंवा ऑस्ट्रेलियात नॉर्दर्न टेरिटरीत रानटी म्हशींच्या मागे जाणारे, सगळ्यांना कधी ना कधी हे भेटतं. तिकडे राहून रीतसर लायसन्स काढून हा नाद करणारे आपले मराठी लोकही आहेत, हे मुख्यतः त्यांच्यासाठी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला, आणि घरात आजोबांची जुनी रायफल लायसन्सवर असली तरी तिची दुरुस्ती लायसन्सवाल्या आर्मररकडूनच करायची, त्यामुळे इथल्या वाचकांनी साफसफाई आणि कारण समजून घेणं एवढ्यावर थांबावं.

बहुतेक वेळा दोष लोखंडात नसतोच. तो हातात असतो, काडतुसात असतो, नाहीतर कचऱ्यात. पण लोक पहिल्यांदा कानस घेऊन फीड रॅम्प, म्हणजे काडतूस नळीकडे चढवणारा उतार, घासायला बसतात आणि चांगल्या रायफलीची वाट लावतात.

आधी रिकामी, मग डमी

मॅगझिन काढा किंवा खालची झडप उघडून सगळी काडतुसं बाहेर घ्या, बोल्ट मागे घेऊन चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्याने बघा आणि करंगळी घालूनही बघा. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. घरात फीडिंग तपासायचं ते फक्त डमीवर, म्हणजे ज्यात दारू नाही आणि प्रायमरही (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) नाही अशा काडतुसांवर. डमी मात्र तुमच्याच गोळीची, तेवढ्याच वजनाची आणि लांबीची हवी. हलक्या प्लॅस्टिकच्या डमीवर स्प्रिंग सुरळीत काम करते आणि खरं काडतूस भरलं की रडते, कारण .३७५ एच अँड एचची नुसती गोळीच ३०० ग्रेन म्हणजे साधारण १९ ग्रॅमची असते.

डमीवर काळा मार्कर फासा. दहा-बारा वेळा बोल्ट चालवला की जिथे घासतंय तिथला रंग उडालेला दिसेल, अंदाज करत बसायला नको.

नेमकं कुठे अडकतंय

"जॅम होतेय" एवढं सांगून काही कळत नाही. बोल्ट पुढे जाताना काडतूस मॅगझिनमधून उचललंच गेलं नाही का, उचललं पण टोक खाली आपटलं का, चेंबरच्या तोंडाशी जाऊन घट्ट झालं का, की मागे येताना रिकामी पुंगळी चेंबरमध्येच राहिली, की बाहेर आली पण उडाली नाही? ही पाचही वेगवेगळी दुखणी आहेत. सोबत हेही लिहून ठेवा की मॅगझिनमधलं कितवं काडतूस अडकलं आणि ते डाव्या बाजूचं होतं की उजव्या. दर वेळी फक्त पहिलं अडकत असेल तर भरलेल्या मॅगझिनचा दाब जास्त होतोय किंवा डबा आखूड पडतोय, शेवटचंच अडकत असेल तर स्प्रिंग थकलीय किंवा खालची पट्टी, जिला फॉलोअर म्हणतात, ती तिरकी होतेय, आणि फक्त एकाच बाजूचं अडकत असेल तर त्या बाजूच्या रेलकडे (मॅगझिनच्या तोंडाशी काडतूस धरून ठेवणाऱ्या कडेकडे) संशय. ही वही गनस्मिथला दाखवली तर त्याचे दोन तास वाचतात.

एक गंमत म्हणजे जुन्या मिलिटरी मॉझर रायफलींमध्ये मॅगझिन रिकामं झालं की बोल्ट बंदच होत नाही, फॉलोअर मुद्दाम आडवा येतो. तो बिघाड नाही, सैनिकाला कळावं म्हणून केलेली सोय आहे. शिकारीच्या रायफलींत तो उतरता करून घेतात.

आता स्वतःचा हात तपासा

लांब काडतुसाच्या रायफलीत सगळ्यात जास्त वेळा होणारी गोष्ट म्हणजे बोल्ट पूर्ण मागे न ओढणं. .३७५ एच अँड एच १९१२ चं काडतूस, पूर्ण लांबी ९१ मिलिमीटरच्या वर, म्हणजे ज्याला आखूड .३०८ ची सवय आहे त्याचा हात घाईत दोन-अडीच सेंटिमीटर आधीच परत फिरतो. मग एकतर पुंगळी इजेक्टरपर्यंत, म्हणजे तिला बाहेर फेकणाऱ्या भागापर्यंत, पोचतच नाही आणि तिथेच लोळते, किंवा बोल्ट नव्या काडतुसाच्या मागे न जाता त्याच्या अंगावरून सरकतो आणि तुम्ही रिकाम्या चेंबरवर घोडा दाबता.

यात रायफल कुठल्या जातीची आहे त्यावरही फरक पडतो. १८९८ च्या मॉझरच्या घराण्यात, म्हणजे १९६४ च्या आधीची विंचेस्टर मॉडेल ७०, सीझेड ५५०, वगैरे, काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच त्याची रिम (बुडाची कड) लांब एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या, पंजाखाली शिरते आणि पुढे सगळा वेळ पकडलेली राहते. रेमिंग्टन ७०० सारख्या पुश फीड रायफलीत बोल्ट काडतुसाला नुसतं ढकलतो, पकड बसते ती बोल्ट बंद होताना. त्यामुळे पुश फीडमध्ये अर्धवट ढकलून परत मागे ओढलं की पहिलं काडतूस चेंबरमध्येच राहतं आणि दुसरं त्याच्या बुडावर जाऊन आपटतं, दोन्ही अडकून बसतात, आणि मऊ टोकाची गोळी नसेल तर पुढच्याच्या प्रायमरवर टोक आपटणं ही चांगली गोष्ट नाही. मॉझर पद्धतीत हे सहसा होत नाही, म्हणूनच धोकादायक जनावरांच्या मागे जाणारे अजून तिलाच धरून बसलेत. माझंही मत तेच आहे, भले कुणी जुनाट म्हणो.

मॉझर पद्धतीत एक पथ्य आहे. सुटं काडतूस हाताने चेंबरमध्ये टाकून वर बोल्ट आपटू नका. काही रायफलींचा एक्स्ट्रॅक्टर रिमवरून चढेल असा घासलेला असतो, सगळ्यांचा नसतो, आणि नसेल तर पंजा तुटतो. काडतूस मॅगझिनमध्ये दाबायचं आणि तिथूनच भरायचं.

उपाय साधा आहे. रायफल खांद्यावरून न काढता, डमीवर, जोरात आणि अडेपर्यंत मागे, मग तितक्याच जोरात पुढे. हळूहळू नाजूकपणे बोल्ट चालवून जे फीडिंग तपासलं ते तपासलंच नाही असं समजा.

मॅगझिन

स्प्रिंग काढून पुसा आणि बघा ती उलटी तर बसवलेली नाही ना, बऱ्याच रायफलींत तिची दोन टोकं सारखी नसतात आणि साफसफाईनंतर उलटी बसवण्याचा प्रकार घडतो. फॉलोअर दाबल्यावर कुठेही न घासता वर आला पाहिजे. डब्याला पोचा आहे का, आत वाळू, गवताचं बी, घट्ट झालेलं जुनं ग्रीस आहे का ते पाहा.

मग स्क्रू. लाकडी दस्ता पावसाळी हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो, आणि वरची ॲक्शन (बोल्ट ज्यात चालतो तो भाग) व खालचं लोखंड यांच्यामध्ये मॅगझिनचा डबा चेपला जातो. डबा बोटाने किंचित हलला पाहिजे. पुढचा स्क्रू जास्त लांब असेल तर त्याचं टोक आत बोल्टच्या लगला (बोल्ट बंद झाल्यावर अडकवून धरणाऱ्या खुंटीला) लागतं आणि बोल्ट बंद व्हायला जड जातो, लोक मात्र काडतुसाला दोष देत बसतात. स्क्रू अर्धा फेरा सैल केल्यावर बोल्ट एकदम हलका झाला की चोर सापडला.

जुन्या मिलिटरी मॉझरवरून बनवलेली मॅग्नम, म्हणजे मोठ्या जोरदार काडतुसाची रायफल, असेल तर जास्त सावध राहा. तो डबा ५७ मिलिमीटर केसच्या (पितळी पुंगळीच्या) काडतुसासाठी, आतून साधारण ८४ मिलिमीटरचा, त्यात .३७५ बसवायचं म्हणजे पुढून-मागून लोखंड कोरावं लागतं, आणि ते काम कुणी कसं केलंय त्यावर सगळं अवलंबून. अशा रायफलीला घरी हात लावू नका.

काडतूस

रिकॉइलने मॅगझिनमधली काडतुसं दर वेळी पुढच्या भिंतीवर आपटतात. शिशाचं टोक चपटं होतं, आणि क्रिम्प, म्हणजे गोळीभोवती केसचं तोंड आवळणं, नीट नसेल तर गोळी केसमध्ये आत दबते. तपासायचं असेल तर रेंजवर एका काडतुसाची लांबी व्हर्नियरने मोजा, ते सगळ्यात खाली ठेवा, वरची मारा, मग परत मोजा. लांबी घटली असेल तर ते काडतूस बाजूला, आणि तो लोडच (दारू आणि गोळीचा मेळ) बदला, कारण गोळी आत दबली की प्रेशर वाढतं.

रुंद सपाट नाकाच्या सॉलिड (न फुलणाऱ्या) गोळ्या रॅम्पवर अडतात आणि गोल नाकाच्या जातात, असं फार दिसतं. रॅम्प घासण्यापेक्षा गोळी बदलून बघणं स्वस्त पडतं.

घरी रीलोड करणाऱ्यांसाठी (वापरलेली केस परत भरणाऱ्यांसाठी): बेल्टवाल्या, म्हणजे बुडाशी उंच कडं असलेल्या, केसेस तीन-चारदा वापरल्या की बेल्टच्या जरा पुढे फुगतात, डाय (केस परत आकारात आणणारा साचा) तिथपर्यंत नीट पोचत नाही, आणि काडतूस शेवटच्या काही मिलिमीटरला अडतं. शिकारीला न्यायचं प्रत्येक काडतूस आधी रेंजवर, नळी टार्गेटकडे ठेवून, एकदा चेंबरमध्ये घालून काढून बघा. घरी हे खऱ्या काडतुसांवर नाही.

पुंगळी बाहेर येत नाही

इथे दोन वेगळी कामं आहेत. पुंगळी चेंबरमधून ओढणं एक्स्ट्रॅक्टरचं, तिला बाहेर फेकणं इजेक्टरचं.

बोल्टचा हँडल वर उचलायलाच जड जात असेल तर एक्स्ट्रॅक्टरला नावं ठेवू नका, चेंबर घाण आहे किंवा प्रेशर जास्त आहे. ऑक्टोबरात झांबेझी खोऱ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर काडतुसं तापत ठेवली तर थंड देशात ठीक चालणारा जोरदार लोड तिथे चिकटतो. इंग्रजांच्या काळात कॉर्डाइटवाल्या (त्या वेळच्या दारूच्या) काडतुसांना भारत-आफ्रिकेच्या उन्हासाठी मुद्दाम कमी प्रेशर ठेवायचे, १९११ ची .४१६ रिग्बीची केस एवढी ढोली आहे ती त्याचसाठी. प्रायमर चपटा झालाय, बुडावर इजेक्टरची चकचकीत खूण उमटलीय, असं दिसलं तर तो लोड तिथेच थांबवा. चेंबरमध्ये तेल ठेवू नका, साफ करून कोरडं पुसा, तेलाने बोल्टवरचा जोर वाढतो.

पुंगळी सुटी होते पण वाटेतच गळून पडते, तर एक्स्ट्रॅक्टरची पकड ढिली आहे. बोल्ट बाहेर काढा, डमीची रिम पंजाखाली सरकवा, बोल्ट आडवा धरून हलकं हलवा. पडली तर ताण कमी. त्याआधी पंजाखालचा काळा थर आणि पितळेचे कण जुन्या टूथब्रशने काढा, निम्म्या तक्रारी इथेच सुटतात.

पकड चांगली, पण फेकत नाही? मॉझर पद्धतीत इजेक्टर म्हणजे मागे एक स्थिर पातं, बोल्ट जितक्या जोरात मागे येईल तितक्या जोरात पुंगळी उडते, त्यामुळे हळू ओढलं तर तिथेच पडणार, तो दोष नाही. पुश फीडमध्ये बोल्टच्या तोंडात स्प्रिंगवाली पिन असते, ती लाकडी काडीने दाबून बघा, झटकन बाहेर आली नाही तर आत पितळाचा चुरा किंवा घट्ट तेल आहे. आणि पुंगळीवर दर वेळी एकाच जागी पोचा पडत असेल तर स्कोपकडे बघा, खाली बसवलेल्या स्कोपच्या विंडेज टरेटला (बाजूच्या नेम जुळवायच्या गोल खुंटीला) आपटून लांब पुंगळी परत आत पडते. उंच रिंग लावल्या की काम झालं.

रेंजवर जिवंत काडतूस उडालं नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आवाज दबका आला तर पुढचा राउंड अजिबात भरू नका, गोळी नळीत अडकलेली असू शकते. अडकलेली रिकामी पुंगळी तोंडाकडून क्लीनिंग रॉड घालून हळू ढकलता येते, जिवंत काडतूस असं कधीच नाही.

एवढं करून राहिलं तर रेलची रुंदी, रॅम्पचा कोन, एक्स्ट्रॅक्टरचा ताण, ही कामं गनस्मिथची. त्याच्याकडे जाताना रायफलीसोबत मार्करवाल्या डमी, पोचे पडलेल्या पुंगळ्या, न वापरलेल्या पाच-सहा डमी तुमच्याच गोळीच्या, आणि कितवं काडतूस अडकलं ती वही न्या, आणि दुरुस्त झाल्यावर त्याच्यासमोरच भरलेल्या मॅगझिनने, खांद्यावरून, जोरात चालवून बघा.