गव्हाच्या पेरणीआधी जमिनीला खत कसे द्यावे

खान्देशात थंडी मोजकीच पडते. बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकली, तरी फुटवे (बुंध्यातून निघणारे नवे कोंब) येण्यास पोषक असे थोडेच आठवडे हाती लागतात. त्या काळात मुळांजवळ स्फुरद (फॉस्फरस) नसेल, तर पुढे वरून कितीही खत टाकले तरी ती उणीव भरून निघत नाही. तापी, गिरणा आणि पांझरा काठच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद लवकर बांधले जाते आणि पडल्या जागेवरून फारसे हलत नाही, हे त्याचे कारण होय.

खरिपाचे पीक निघताच, कोणतेही खत टाकण्यापूर्वी, मातीचा नमुना घ्यावा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे 20 सेंमी खोल खड्डे करावेत, त्यांच्या कडेची माती खरवडून एकत्र मिसळावी आणि त्यातील अर्धा किलो प्रयोगशाळेत द्यावी. बांध, झाडाखालची जागा आणि उकिरड्याची जागा टाळावी.

शेवटच्या कुळवणीआधी हेक्टरी 10 टन, म्हणजे एकरी सुमारे 4 टन, पूर्ण कुजलेले शेणखत पसरून मातीत मिसळावे. मुठीत घेतल्यावर ते भुसभुशीत लागले पाहिजे, हाताला ऊब जाणवता कामा नये आणि त्यात काडी ओळखू येऊ नये. कच्च्या खताने वाळवी आणि तण यांनाच आमंत्रण मिळते. मक्याची धाटे गाडली असतील, तर ती कुजताना जमिनीतील नत्र (नायट्रोजन) काही काळ अडवून ठेवतात, हेही ध्यानात असावे. ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या शेतात बसवण्याची जुनी रीत मला आजही चांगली वाटते, मात्र ती पेरणीच्या पुरेशी आधी व्हावी.

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद आणि 40 किलो पालाश (पोटॅश) यांची शिफारस आहे. त्यापैकी निम्मे नत्र आणि संपूर्ण स्फुरद व पालाश पेरणीबरोबर द्यायचे असते. एकरी हिशेब केल्यास डीएपीचे (नत्र व स्फुरद दोन्ही असलेल्या खताचे) 50 किलोचे एक पोते, युरियाचे 45 किलोचे पाऊण पोते आणि म्युरेट ऑफ पोटॅश या पालाशयुक्त खताचे अर्ध्या पोत्याहून थोडे अधिक, असे प्रमाण बसते. डीएपी मिळाले नाही, तर दुकानासमोर रांगेत दिवस घालवण्यापेक्षा सिंगल सुपर फॉस्फेट या स्फुरदयुक्त खताची तीन पोती घ्यावीत; त्यातून गंधकही मिळते, फक्त युरिया वाढवून सुमारे 53 किलो करावा लागतो. काळ्या जमिनीत पालाश बहुधा भरपूर असते, तरीही माती तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय ते वगळू नये.

अहवालात जस्त कमी आढळले, तर एकरी 8 किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्यावे. ते डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये कालवू नये, कारण जस्त आणि स्फुरद एकमेकांना बांधून ठेवतात आणि दोन्ही पिकाच्या उपयोगी पडत नाहीत.

ओलवणी करून, म्हणजे पेरणीआधी शेताला पाणी देऊन, वापसा (पेरणीजोगी ओल) आल्यावर दोन चाड्यांच्या पाभरीने, म्हणजे दाणे सोडायची दोन नरसाळी असलेल्या पेरणीच्या अवजाराने, पेरणी करावी, म्हणजे बियाणे आणि खत वेगवेगळे पडते. युरिया बियाण्यात मिसळून पेरल्यास कोंब जळतात. उरलेले निम्मे नत्र, एकरी सुमारे 53 किलो युरियाच्या रूपाने, तीन आठवड्यांनी मुकुटमुळे (बुंध्याशी येणारी कायमची मुळे) फुटण्याच्या सुमारास पाण्याबरोबर द्यावे.