पुराच्या दिवसांत गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप : या चुका टाळा

तापीकाठच्या गावांना पुराची चाहूल डोक्यावरच्या आभाळावरून लागत नाही. बऱ्हाणपूरकडे किंवा पूर्णेच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला की भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात आणि खाली लख्ख ऊन असतानाही नदी चढू लागते. अशा वेळी मोबाइलवर आलेला निरोप हाच पुष्कळदा पहिला इशारा असतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे दिनांक आणि वेळ नसलेला निरोप पुढे ढकलणे. ‘हतनूरचे सर्व 41 दरवाजे उघडले, सतर्क राहा’ हे वाक्य एखाद्या वर्षी खरे असते आणि नंतर कित्येक पावसाळे फिरत राहते. आमच्या गावात एका रात्री अशाच शिळ्या निरोपावरून लोकांनी काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी वर ओढल्या, गुरे गावठाणात आणून बांधली. सकाळी पाहतात तर नदी होती तिथेच. पंधरा दिवसांनी खरा इशारा आला तेव्हा निम्मे गाव अंथरुणातून उठलेच नाही आणि चार मोटारी वाहून गेल्या. म्हणून कोणते धरण, कोणता दिवस, किती वाजता, किती दरवाजे, किती मीटरने आणि ही माहिती कोणाकडून मिळाली, एवढे असल्याशिवाय निरोप पुढे जाऊ देऊ नये.

आकड्यांतही घोटाळा होतो. विसर्ग, म्हणजे धरणातून सोडलेले पाणी, कधी क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) सांगतात, कधी क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर), आणि 1 क्युमेक म्हणजे सुमारे 35 क्युसेक. घाईत एकाच्या जागी दुसरा शब्द पडला की मोठा पूर कागदावर ओहोळ होतो. आकडा स्वतः टाइप करण्यापेक्षा मूळ पत्रकाचा फोटो टाकावा.

‘एक कुटुंब अडकले आहे, लवकर मदत पाठवा’ हा निरोप दहा ग्रुपवर जातो. पण नियंत्रण कक्षात त्याची नोंद झालेली नसते. आधी 112 किंवा जिल्ह्याच्या 1077 या क्रमांकावर फोन करावा. मग ठिकाण, माणसे किती, त्यांत वृद्ध, आजारी किंवा गरोदर कोणी आहे का, हे लिहावे. लाइव्ह लोकेशन बॅटरी खाते, त्यामुळे स्थिर लोकेशन एकदाच पाठवणे बरे. सुटका झाल्यावर ज्याने निरोप टाकला त्यानेच ‘सुटका झाली’ असे वेळेसह लिहावे, नाहीतर बोट रिकाम्या घराकडे पुन्हा जाते आणि खरी गरज असलेले घर वाट पाहत राहते. ही चूक सर्वांत जास्त होते, आणि करणारी माणसे बहुधा सज्जन असतात.

पावसाळ्यात ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय चालू ठेवावी आणि किमान दोन ॲडमिनांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. शंकाकुशंका आणि ‘शुभ सकाळ’ यांसाठी वेगळा ग्रुप असू द्यावा.

अफवेला मोबाइल लागतोच असे नाही. 22 जानेवारी 2025 रोजी पाचोऱ्याजवळ परधाडे येथे आगीच्या नुसत्या बोभाट्याने पुष्पक एक्सप्रेसमधून प्रवासी रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले. मोबाइल तोच बोभाटा तालुकाभर नेतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 54 प्रमाणे खोटा इशारा पसरवणाऱ्यास 1 वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. चुकीचा निरोप गेलाच तर तो गुपचूप पुसू नये. तो पुढे पोहोचलेला असतो, म्हणून त्याच ग्रुपवर दुरुस्ती लिहावी.

शेवटची चूक ग्रुपवरच विसंबण्याची. चाळीसगावला 31 ऑगस्ट 2021 रोजी तितूर आणि डोंगरी या नद्यांचे पाणी शहरात शिरले. अशा लहान नद्या मोठ्या धरणाखालच्या नदीइतकी उसंत देत नाहीत. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर तर रेंजचाच भरवसा नसतो, आणि असली तरी शासकीय मराठीतला मजकूर आजीबाईंना वाचता येत नाही. तिथे पावरी किंवा भिली या तिथल्या बोलींत बोललेला अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज कामी येतो. त्याच्या जोडीला मंदिराचा किंवा मशिदीचा भोंगा, पोलीस पाटलांची दवंडी आणि भोंग्यासाठी आधीच चार्ज करून ठेवलेली बॅटरी हवी, कारण पूर आला की बहुतेक वेळा वीज आधी जाते.