दाढेत फिलिंग भरल्यावर चावताना दुखत असेल तर काय करावे

कीड काढून दाढ भरल्यानंतर पहिले काही दिवस चावताना थोडे दुखणे स्वाभाविक आहे. मात्र दुखणे नेमके कधी आणि कसे उद्भवते याकडे लक्ष दिले, तर थांबावे की दंतवैद्याकडे परत जावे, याचा अंदाज बहुधा घरीच येतो.

सर्वांत आधी फिलिंगची उंची तपासावी. भूल पूर्ण उतरल्यावर ताठ बसून, जबडा सैल ठेवून दात हळूच एकमेकांवर टेकवावेत. भरलेली दाढ इतर दातांच्या आधी टेकत असेल, तर फिलिंग उंच राहिले आहे असे समजावे. खालच्या जबड्याचा बधिरपणा दोन ते चार तास टिकत असल्याने, खुर्चीत बसून आपण दिलेल्या ‘बरोबर वाटते’ या उत्तरावर फारसे विसंबता येत नाही. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. उंची केसभर जास्त राहिली तरी प्रत्येक घासाला त्या थरावर नको तेवढा दाब येतो आणि तो दुखावतो. ‘झिजून बसेल आपोआप’ हा घरोघरी मिळणारा सल्ला इथे मानू नये. दंतवैद्य रंगीत कागद चावायला देतात आणि जिथे ठसा गडद उमटतो तिथे फिलिंग किंचित घासतात. हे काम काही मिनिटांचे असून त्यासाठी सहसा भूल लागत नाही; दुखावलेला थर निवळायला मात्र त्यानंतरही काही दिवस लागतात.

उंची ठीक असूनही थंड पाण्याने दाढ शिवशिवत असेल आणि ती कळ काही सेकंदांत जात असेल, तर कीड खोलवर होती एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो, आणि दोन ते चार आठवडे वाट पाहणे योग्य ठरते. चावून दाब सोडताना तीक्ष्ण सळक येत असेल, तर दाताला चीर गेल्याची शंका घ्यावी. काही न खाता आपोआप ठणका लागणे, रात्री झोपमोड होणे किंवा गरम चहानंतर कळ बराच वेळ टिकणे ही आतील नस सुजल्याची चिन्हे असून, अशा दाढेला अनेकदा रूट कॅनाल करावे लागते.

तोवर दुसऱ्या बाजूने चावावे आणि सुपारी, फुटाणे, बर्फ टाळावेत. दुखते म्हणून त्या बाजूला ब्रश करणे मात्र सोडू नये. पॅरासिटामॉल चालणाऱ्यांनी ते वेष्टनावरील प्रमाणात घ्यावे. आयबुप्रोफेन पोटाचा अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवल्यास तिथली त्वचा भाजते, आणि लवंगेचे तेल उंच फिलिंग खाली आणू शकत नाही. घरात उरलेली अँटिबायोटिकही स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

गालावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी दंतवैद्याकडे जावे, आणि श्वास घेणे जड जात असेल तर थेट रुग्णालय गाठावे.